मधला रकाना

माझा स्वभाव संशयी आहे, हे मीच आधी सांगून टाकते. नाहीतर मागाहून दुसरं कोणी सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल. घरात दूध उतू गेलं तरी गॅस कोणी मोठा केला होता, याची मी चौकशी करते. आमचे हे म्हणतात, "तू स्वतःच्या सावलीलासुद्धा विचारशील, कुठे निघालीस म्हणून." म्हणेनात का! शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं मी जे काम केलं, त्याला भोळा सांब चालतच नाही.

काम असं. प्रयोगशाळेत एक मोठा संगणक आहे, युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा, आणि तो सांभाळणारी मी. सगळ्या टेबलांवरचे पडदे त्यालाच जोडलेले. सकाळी येऊन प्रत्येकाने आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, मग काम सुरू. आणि यंत्र मुकाट्याने लिहून ठेवतं: कोण आलं, कुठल्या टेबलावरून आलं, किती वाजता आत शिरलं, किती वाजता बाहेर पडलं. 'हू' असं टाइप केलं की आत्ता आत कोण कोण आहे ते दिसतं. 'लास्ट' टाइप केलं की महिनाभराची यादी समोर येते. तीन रकाने असतात. पहिल्यात नाव, मधल्यात टेबल, शेवटच्यात वेळ. कोणी पडदा तसाच उघडा टाकून घरी गेलं तर यंत्र तेही सोडत नाही.

ही यादी मी रोज सकाळी चहाबरोबर वाचायची. मुख्य तपासनीस दहा मिनिटं उशिरा आला की मला कळायचं. जिवाणू विभागातला दाढीवाला जेवणाची सुट्टी वीस मिनिटं लांबवतो, हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळलं होतं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मला पाठीमागे चित्रगुप्त म्हणायचे. मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंसुद्धा.

माझी धाकटी जाऊ त्याच प्रयोगशाळेत आहे. चौदा वर्षांपूर्वी मीच तिला तिथे चिकटवली. बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली तिने, मग परीक्षा दिल्या, आणि बघता बघता वरिष्ठ तपासनीस होऊन बसली. शहरातलं पाणी पिण्यासारखं आहे की नाही, यावर आता तिची सही लागते. माझी सही लागते ती फक्त संगणकाच्या टेपांच्या रजिस्टरवर. दिराची नोकरी सुटल्यापासून त्यांचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं, पण कधी तोंडातून चकार शब्द नाही. मला तेही खटकायचं. माणसाने जरा कुरकुर केली की बरं वाटतं. न कुरकुरणारी माणसं काहीतरी लपवतात, असं माझं ठाम मत होतं.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती वरच्या मजल्यावर, मी खाली. चौदा वर्षं आम्ही एकाच बसने गेलो. मग एका सोमवारी ती जिन्यातून जाता जाता म्हणाली, "जाऊबाई, मी आज पुढे होते हं. जरा काम आहे." आज म्हणाली, आणि उद्याही गेली. परवाही गेली.

मी यादी उघडली. तिचं नाव, तिचं टेबल, आणि वेळ आठ वीस. ऑफिस नऊचं. दुसऱ्या दिवशी आठ एकवीस. तिसऱ्या दिवशी आठ एकोणीस. तीन आठवडे हेच. बरं, इतक्या लवकर येऊन करते काय? आठ चाळीसला बाहेर, आणि पुन्हा नऊला सगळ्यांबरोबर आत, जणू आत्ताच आली.

म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

सरळ विचारलं असतं तर संपलं असतं. पण सरळ विचारेल ती मी कसली! मी आडून विचारलं. "आजकाल बसला गर्दी असते का गं सकाळी?" ती म्हणाली, "नाही हो, छान बसायला मिळतं." बस्स, एवढंच. मी तिच्याबरोबर जेवायला बसणं बंद केलं. आधी रोज दोघी मागच्या अंगणातल्या बाकावर डबा खायचो. मी यंत्राच्या खोलीत एकटी खायला लागले, दार लावून. तिने दोनदा बोलावलं, मग बोलावणं सोडून दिलं. मला वाटलं, बघा, हिलाही तेच हवं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती ऐकून तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

यंत्राची आणखी एक वही असते, फसलेल्या प्रयत्नांची. नाव किंवा पासवर्ड चुकला की त्यात नोंद होते. पासवर्ड काही त्यात लिहिला जात नाही, फक्त नाव लिहिलं जातं. पण माणसं घाईत एक मजेशीर चूक करतात. नावाच्या जागी पासवर्डच टाइप करून मोकळी होतात. यंत्र म्हणतं, या नावाचं कोणी नाही, आणि ते "नाव" जसंच्या तसं वहीत उतरवून घेतं. म्हणजे जे जगापासून लपवायचं, तेच उघडं पडतं. ती वही फक्त मला वाचता येते. असं काही दिसलं की त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन मी एवढंच म्हणायची, "पासवर्ड बदला. विचारू नका." एकोणतीस वर्षं हा नियम मी कधी मोडला नव्हता.

एका बुधवारी सकाळी आठ वीसला धाकटीच्या टेबलावरून एक फसलेला प्रयत्न दिसला. नावाच्या जागी होतं आमच्या सासूबाईंच्या पोपटाचं नाव आणि पुढे तो पिंजऱ्यातून उडून गेला ते साल. मला हसूच आलं. सासूबाई त्या पोपटासाठी तीन दिवस जेवल्या नव्हत्या, आणि त्यांना भरवत बसली होती ती हीच, नवी नवरी.

मी तिच्या टेबलापाशी गेले नाही. काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत मी दाराची कडी लावली, माझ्या पडद्यावर तिचं नाव टाकलं, तो पोपट टाकला, आणि आत शिरले. एक वाजून नऊ मिनिटं झाली होती.  मी काही चोर नव्हते, मी पहारेकरी होते, असं मी स्वतःला सांगत होते.

आत काय असणार? नमुन्यांचे आकडे, अहवाल, पत्रं. सगळ्यात वर उत्तरेच्या टाकीचा कच्चा अहवाल होता. आणि खाली एक लहानशी फाइल, तिचं नाव 'जाऊबाई'.  पडद्यावर लांबलचक मजकूर मला नीट वाचता येत नाही, चष्मा लावला तरी येत नाही, म्हणून मी दोन्ही छापायला टाकलं. प्रिंटर माझ्या दारासमोरच आहे. तीन कागद आले. दोन टाकीच्या अहवालाचे, एक माझ्या नावाचा. एक एकवीसला मी बाहेर पडले.

माझ्या नावाचा कागद मी उभ्यानेच वाचला. "सोमवार ४: सोमवारच्या जागी मंगळवारची टेप. शुक्रवार ८: यंत्रात टेपच नाही. बुधवार १३: गेल्या आठवड्याची टेप पुन्हा." अशा अकरा ओळी. प्रत्येक ओळीच्या पुढे बारीक काहीतरी होतं, पण माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती, ते कोण वाचतं!

टेपांचं असं आहे. दिवसभराचं सगळं काम दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला यंत्र आपोआप एका टेपवर उतरवतं. कोणत्या दिवशी कोणती टेप, ते ठरलेलं. ती आदल्या संध्याकाळी निघताना मी बसवायची. माझं काम ते. चुकीची टेप बसली तर जुनं पुसून जातं. दोन महिन्यांपूर्वी एक जुना अहवाल टेपवर सापडला नाही, तेव्हा मी टेप बनवणाऱ्यांना यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. माझं चुकलं असेल, हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. आणि ही बया माझ्या चुकांची यादी करत होती! तारखांसकट! निवृत्तीला सात महिने उरले असताना! मी आणलं हिला इथे, आणि ही माझ्याच मुळावर उठली.

तो कागद मी घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. टाकीच्या अहवालात मला रस नव्हता, म्हणून ते दोन कागद जाता जाता प्रिंटरशेजारच्या पाठकोऱ्या कागदांच्या खोक्यात टाकून दिले. आमच्याकडे एका बाजूला छापलेला कागद फेकत नाहीत. पाठकोऱ्या बाजूवर हिशेब करा, निरोप लिहा, काहीही करा. त्या दोन कागदांचा मी पुन्हा विचारसुद्धा केला नाही.

सोमवारी सकाळी बस स्टॉपवर सगळ्यांच्या हातात एकच वर्तमानपत्र. पहिल्या पानावर ठळक मथळा, उत्तरेच्या टाकीत जंतू, प्रयोगशाळेने दडवलं. आणि खाली आमच्या अहवालाचा फोटो.

खरं म्हणजे दडवलं काहीच नव्हतं. पहिल्या तपासणीत जंतू दिसले, पण दोष नमुन्याच्या बाटलीचा निघाला, दुसऱ्या तपासणीत पाणी स्वच्छ होतं. हे शुक्रवारी ठरलं आणि तसा पक्का अहवाल गेलाही. पण कच्चा कागद बाहेर फुटल्यावर पक्क्याला कोण विचारतो? निम्मं शहर पाणी उकळत बसलं. दोन शाळा बंद ठेवल्या. साहेबांचा फोन एक मिनिट थांबत नव्हता.

साडेदहाला साहेबांनी धाकटीला आणि मला खोलीत बोलावलं. शेजारी वरच्या कार्यालयातून आलेल्या कायदेवाल्या बाई बसल्या होत्या. किडकिडीत, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज अगदी गोड. त्यांनी तो फोटो मोठा करून आणला होता.

"कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काय आहे, वाचा," त्या धाकटीला म्हणाल्या.

आमचा प्रिंटर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव आणि वेळ टाकतो. धाकटीने वाचलं. "माझं नाव आहे. गुरुवार. एक वाजून सोळा."

"म्हणजे तुम्ही छापलात."

"नाही. तेव्हा मी जेवत होते."

"कोणाबरोबर?"

"एकटीच. मागच्या बाकावर." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तीन आठवड्यांपूर्वी विचारलं असतं तर म्हणाली असती, जाऊबाईंबरोबर.

"आणि या घड्या बघा, हे डाग बघा," बाई साहेबांना म्हणाल्या. "बारीक घडी घालून, कुठेतरी लपवून बाहेर नेलाय. डब्यातसुद्धा नेला असेल."

मी त्या डागांकडे बघत होते. तेलकट, गोल. घड्याही सरळ नव्हत्या, तिरक्या होत्या.  एक सोळा काय, आणि तो कागद कोणाचा काय, मला सगळं लख्ख कळलं होतं. कळूनही मी गप्प बसले.

"तुम्ही यंत्राचं बघता ना?" बाई माझ्याकडे वळल्या. "गुरुवारची, आणि त्याआधीच्या महिन्याभराची यादी उद्या अकराला आणा. कोण किती वाजता आत होतं ती. नाव आणि वेळ पुरे. बाकी तांत्रिक काही नको, आम्हाला कळत नाही."

नाव आणि वेळ पुरे. मधला रकाना कोणालाच नको होता.

पाच वाजता मी समोरच्या कोपऱ्यावरच्या शेंगदाणेवाल्याकडे गेले. म्हटलं, एक पुडी दे. त्याने कागदाचा तुकडा तिरका गुंडाळला, गरम दाणे ओतले आणि वर टोक दुमडलं. मी पुडी उलगडून वाचली. आमच्याच प्रयोगशाळेचे आकडे, दक्षिणेच्या विहिरींचे.

"हे कागद कुठून आणतोस रे बाबा?"

"तुमचा शिपाईदादा देतो की, दर शुक्रवारी गठ्ठा. मी त्यांना दाणे देतो. का हो, काही चुकलं?"

"नाही," मी म्हटलं. "तुझं काही चुकलं नाही."

दाणे मी उभ्या उभ्या खाल्ले, कारण फेकवेनात. अशीच एखादी पुडी कोणा बातमीदाराच्या हातात पडली असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी सगळी साहेब मंडळी चोर शोधत होती, आणि चोर हातात पुडी घेऊन रस्त्यावर उभा होता.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "काय गं, तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. इतक्यात दारावर टकटक झाली. धाकटी. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ.

"जाऊबाई, तुम्हाला यंत्रातलं कळतं म्हणून विचारते. माझ्या नावाने दुसरं कोणी आत शिरू शकतं का?"

हा क्षण होता. अगदी समोर उभा होता. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "पासवर्ड कोणाला सांगितला होतास का?"

"कोणालाच नाही."

"मग कसं कोण शिरेल?"

 "खरंय," म्हणाली. "माझी सही काढून घेतील बहुतेक. नोकरीसुद्धा जाईल, बाई म्हणत होत्या. ह्यांना अजून सांगितलं नाही मी." आणि जिना चढून गेली. पायरी पायरी मोजल्यासारखी गेली, मला ऐकू येत होतं.

मी नीच आहे, हे त्या रात्री मला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी मी माझ्या बाजूने वकिली करत होते. म्हटलं, हिने माझ्या अकरा चुका लिहून ठेवल्यात. आज ना उद्या साहेबांपुढे ठेवणारच होती. मी काही खोटं बोलणार नाही, मागितलंय तेवढंच देणार आहे. नाव आणि वेळ. यंत्र तर खोटं बोलत नाही ना? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण ही कुठे संन्यासी लागून गेली! असं करत करत मी झोपले, आणि लाज वाटते सांगायला, झोप लागली.

मंगळवारी सकाळी मी दोन याद्या काढल्या. एक आखूड, दोन रकान्यांची. एक पूर्ण, तीन रकान्यांची. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या, आखूड वर, पूर्ण खाली. पूर्ण यादी का काढली, ते मला सांगता येणार नाही. सवय असेल.

अकराला सगळे बसले. मी आखूड यादी पुढे सरकवली. कायदेवाल्या बाईंनी बोट ठेवून वाचलं. "एक नऊ ते एक एकवीस. यांच्या नावाने. मग एक सोळाची छपाई बरोबर याच मधे येते." त्यांनी चष्मा वर केला. "जेवत होतात ना तुम्ही?"

"हो," धाकटी म्हणाली.

"आणि हे काय? रोज सकाळी आठ वीस? ऑफिस उघडायच्या आधी? तीन आठवडे? तेव्हा काय करता इथे एकट्या?"

 आता ही काढेल, मी म्हटलं. आता माझी अकरा पापं टेबलावर येतील. याहून चांगली वेळ तिला कुठली मिळणार? स्वतःची मानही सुटेल आणि माझी अडकेल.

धाकटीने पुढ्यातला कागद सरळ केला.

"बोला ना. काही कारण असेल."

धाकटीने एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि नजर खाली घेतली. "काही नाही," म्हणाली. "सहज यायचे. सकाळी शांत असतं."

"सहज!" बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली, आणि बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मी पर्स उघडली. कोणाला वाटलं असेल रुमाल काढतेय. आतल्या कप्प्यातला कागद काढला आणि मांडीवर उलगडला. त्या दिवशी रागाने मी ओळींची फक्त सुरुवात वाचली होती. आता शेवट वाचला. "सोमवार ४: सोमवारच्या जागी मंगळवारची टेप. बदलली, ८.२४. नीट उतरलं." "शुक्रवार ८: यंत्रात टेपच नाही. घातली, ८.२३. नीट उतरलं." अकराच्या अकरा ओळी तशाच. प्रयोगशाळेत वाढलेली ती. कुठलीही दुरुस्ती तारीख आणि वेळ टाकल्याशिवाय करायची नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं. रोज साडेआठच्या आत ती येत होती, शिपायाच्या फळीवरून माझ्या खोलीची जादा किल्ली घेत होती, माझी चूक निस्तरत होती आणि बाहेर पडत होती. मला कळू नये म्हणून नऊला परत नव्याने येत होती. सगळ्यात खाली एक ओळ होती. "जाऊबाईंना सांगू नये, त्यांच्या जिवाला लागेल."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी लपवलं नाही. लपवण्यात आता काय अर्थ होता!

"बाई," मी म्हटलं, "ही यादी अपुरी आहे."

"नाव आणि वेळ पुरे असं मीच सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलंत, पण मला कळायला हवं होतं. मधे एक रकाना असतो. कुठल्या टेबलावरून आत शिरलं, तो." मी खालची यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली. बोट ठेवायची मला गरज नव्हती, पण ठेवलं. "ही रोजची आठ वीसची ओळ बघा. टेबल चार. ते हिचं. आता गुरुवारची एक नऊची बघा."

साहेबांनी पुढे वाकून वाचलं. "टेबल शून्य. टेबल शून्य कुठलं?"

"माझ्या खोलीतलं."

"तेव्हा तुमच्या खोलीत कोण होतं?"

"मी होते. आतून कडी लावून."

 मग मी सगळं सांगितलं, पोपटापासून शेंगदाण्यांपर्यंत. आदल्या दिवशीची पुडी पर्समध्ये होती, तीही टेबलावर ठेवली, म्हटलं हे डाग आणि तुमच्या फोटोतले डाग ताडून बघा. कायदेवाल्या बाईंनी पुडी दोन बोटांनी उचलली आणि फोटोशेजारी ठेवली. आठ वीसचं कारणही सांगितलं. तो कागद मात्र दिला नाही. तो माझा होता.

धाकटी सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा शिव्या घालेल. ती एवढंच म्हणाली, "काल संध्याकाळी मी तुमच्या दारात आले होते, जाऊबाई."

"हो," मी म्हटलं. "आली होतीस."



तिची सही राहिली. मला त्याच दिवशी दुपारी घरी पाठवलं, चौकशी पुरी होईपर्यंत. पेन्शनचं काय होणार ते साहेबांनाही सांगता येईना. जाताना शिपायाने माझ्या खोलीची किल्ली मागून घेतली. एकोणतीस वर्षांत ती किल्ली मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात दिली, असं मी म्हणणार होते. मग आठवलं की तीन आठवडे तिची जादा किल्ली रोज दुसऱ्याच्याच हातात होती, म्हणूनच तर माझं सगळं नीट चाललं होतं.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर जाऊन ये." मी दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि दोनदा परत आले.

बुधवारी सकाळी मी सवयीने सातला उठले आणि जायला कुठेच नव्हतं, म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसले. साडेसातला वरचं दार वाजलं. पावलं खाली आली. म्हटलं, आता पुढे जाईल, न बघता जाईल, आणि बरोबरच आहे. पावलं माझ्या दारापाशी थांबली.

तिच्या खांद्याला पिशवी होती, हातात वही. चेहरा कोरडा.

"टेपा कुठल्या दिवशी कुठली, ते एकदा नीट लिहून द्या. मला अंदाजाने करावं लागायचं."

मी वही घेतली आणि लिहिलं. सोमवारपासून शनिवारपर्यंत. एकही चूक केली नाही, तीन वेळा तपासलं. तिनेही तिथेच उभं राहून एकदा तपासलं. पूर्वी मला त्याचा राग आला असता.

वही पिशवीत टाकून ती दोन पायऱ्या उतरली आणि मागे न वळता म्हणाली, "पासवर्ड बदललाय मी. विचारू नका."

"नाही विचारत," मी म्हटलं.